धान्याच्या गोण्यांशेजारची जागा

मिंग राजवटीत दरवर्षी दक्षिणेतून बीजिंगकडे सरकारी धान्याचा ताफा निघे. चीनच्या महाकालव्यावरून जाणाऱ्या या ताफ्यात अकरा हजारांहून अधिक बोटी असत आणि त्यांवर सुमारे १,२०,००० शिपाई राबत. १४७२ साली राजधानीला पोचवायच्या धान्याचा आकडा कायमचा ठरवण्यात आला : वर्षाला ४० लाख शी. शी म्हणजे अंदाजे शंभर लिटरचे माप. धान्य कमी भरले तर शिक्षा, उशीर झाला तर शिक्षा, बोट बुडाली तर भरपाई. पगार मात्र तुटपुंजा, आणि वाटेत प्रत्येक बांधापाशी, प्रत्येक दारापाशी कोणाचा तरी हात पुढे आलेला. या जाचाने शिपाई पळून जाऊ लागले, तेव्हा सरकारने त्यांना एक सवलत दिली. सरकारी गोण्यांच्या शेजारी थोडा खासगी माल ठेवावा, त्यावर जकात लागणार नाही, वाटेत विकून चार पैसे करावेत. सुरुवातीला ही मुभा बोटीमागे जेमतेम दहा शी होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती साठ शीवर गेली, आणि पुढे छिंग काळात, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातच, तिने शंभराचा आकडा ओलांडला.

कालव्याकाठच्या शहरांच्या वारशाबद्दल मला जे म्हणायचे आहे ते या सवलतीपासून सुरू होते. यांगचौ, ह्वाईआन, जिनिंग, लिनछिंग, सूचौ, हांगचौ ही शहरे आज आपल्या बागा, पूल, नाट्यपरंपरा आणि खाद्यसंस्कृती जगाला दाखवतात. या सगळ्याचे श्रेय कालव्याला दिले जाते आणि ते योग्यच आहे. पण कालवा संस्कृतीसाठी कोणी खणला नव्हता. तो धान्यासाठी खणला, सैन्यासाठी खणला, राजधानीचे पोट भरण्यासाठी खणला. संस्कृती वाढली ती गोण्यांशेजारच्या त्या जागेत, म्हणजे राज्याने नाइलाजाने मोकळ्या सोडलेल्या फटीत. आज चीनचे राज्य मोठ्या निष्ठेने आणि अफाट पैशाने हा वारसा जपते आहे. तरीही हा जपणुकीचा आराखडा त्या मोकळ्या जागेलाच गिळतो आहे, असे मला वाटते, आणि याची मला मनापासून काळजी वाटते.

इतिहास थोडक्यात सांगायचा तर यांगत्से आणि ह्वाई या नद्यांना जोडणारा पहिला पाट वू राज्याचा राजा फूछाय याने इ.स.पू. ४८६ मध्ये खणायला घेतला, आणि तोही उत्तरेवर स्वारी करण्यासाठी. सुई घराण्याच्या यांगती सम्राटाने ६०५ ते ६१० या पाच-सहा वर्षांत जुने-नवे पाट जोडून ल्वोयांग या राजधानीभोवती एक जाळे विणले. ६०८ साली उत्तरेकडच्या शाखेसाठी दहा लाखांवर माणसे वेठीला धरली गेली. पुरुष पुरेनात तेव्हा बायकांनाही कामाला लावले, अशी नोंद इतिहासग्रंथांत आहे. त्या सम्राटाला पुढे ६१८ मध्ये याच कालव्यावरच्या यांगचौमध्ये त्याच्याच लोकांनी ठार केले. युआन काळात राजधानी आजच्या बीजिंगच्या जागी गेली, तेव्हा कालवा पश्चिमेचा वळसा सोडून सरळ उत्तरेला वळला. गणिती आणि जलतज्ज्ञ क्वो शौचिंग यांनी १२९३ पर्यंत बोटी थेट राजधानीच्या तळ्यात आणून सोडल्या. पण शानतोंगमधला मधला चढ काही केल्या नीट सुटत नव्हता.

तो सुटला १४११ साली, आणि ही गोष्ट सविस्तर सांगण्याजोगी आहे. शानतोंगमध्ये कालव्याला जमिनीचा एक उंचवटा ओलांडावा लागतो. पाणी डोंगर चढत नाही. म्हणून माथ्यावरच पाणी आणून तिथून ते दोन्ही बाजूंना सोडणे एवढाच उपाय. युआन काळातल्या बांधकाम करणाऱ्यांनी पाणी आणले ते माथ्याच्या जरा खाली, त्यामुळे उंच टप्पा कोरडाच राहत असे. मिंग दरबारचे मंत्री सोंग ली यांना खरा माथा दाखवला तो गावातल्या पाय यिंग नावाच्या एका म्हाताऱ्या माणसाने. त्यांच्याकडे पदवी नव्हती, हुद्दा नव्हता. कुठल्या पावसात पाणी कुठे वाहते हे आयुष्यभर पाहिलेली नजर होती. त्यांच्या सल्ल्याने वन नदीवर ताईत्सुन इथे बांध घातला, पाणी नानवांगच्या माथ्यावर नेले आणि तिथून ते दुभागले. सात वाटे उत्तरेला बादशहाकडे, तीन वाटे दक्षिणेला, असे लोक म्हणत. या एका दुभाजनावर पुढची चारशेहून अधिक वर्षे बीजिंगची चूल पेटत राहिली. नानवांगला पुढे सोंग ली यांचे मंदिर झाले आणि पाय यिंग यांनाही तिथे पूजेचा मान मिळाला. आज तिथे उत्खननातून वर आलेले दगडी घाट आणि पायऱ्या आहेत. कालव्यावर पाहण्यासारखे काय, असे मला कोणी विचारले तर मी यांगचौच्या बागांच्या आधी नानवांगचे नाव घेईन.

या माथ्याच्या दोन्ही बाजूंना पाणी जपून वापरावे लागे. एकापाठोपाठ एक दारे होती. पाणी साठेपर्यंत दार बंद, शे-दोनशे बोटी जमल्या की दार उघडायचे, मग पुढच्या दारापाशी पुन्हा थांबायचे. शानतोंगमधल्या या टप्प्याला लोक दारांची नदीच म्हणत. दरबारी पत्रे, फळे आणि खोजांच्या बोटी आधी जात, धान्य नंतर, आणि साधा व्यापारी सर्वांत शेवटी. एका दारापाशी दिवसचे दिवस जात. हांगचौहून बोट बीजिंगला पोचायला महिने लागत, आणि त्यातला बराच काळ बोट जागची हलत नसे.

माझ्या मते या शहरांना जन्म दिला तो या थांबण्याने. थांबलेल्या माणसाला जेवण लागते, झोपायला जागा लागते, करमणूक लागते, देव लागतो, आणि त्याच्याजवळचा माल घेणारे गिऱ्हाईक लागते. दक्षिणेतला शिपाई बांबू, चहा, कापड, कागद, चिनी मातीची भांडी घेऊन निघे आणि परतताना उत्तरेतले खजूर, पेअर, कापूस, शेंगा नेई. कोणाच्याही आज्ञेवाचून हजारो बोटींतून दरवर्षी ही देवघेव होत राहिली. एका गावची चव, एका गावची लकब, एका गावचे गाणे दुसऱ्या गावाला लागत गेले.

लिनछिंग हे याचे सर्वांत भरघोस उदाहरण. शानतोंगच्या पश्चिम टोकाचे हे गाव कालवा आणि वेई नदी यांच्या संगमावर वसलेले. मिंग काळाच्या उत्तरार्धात इथला जकातनाका देशातल्या सर्वांत जास्त उत्पन्न देणाऱ्या नाक्यांपैकी होता. त्या नाक्याच्या इमारतींचा काही भाग अजून उभा आहे. बीजिंगच्या राजवाड्यासाठी आणि मिंग थडग्यांसाठी लागणाऱ्या विटा इथल्या भट्ट्यांत भाजल्या जात, आणि इथून जाणाऱ्या धान्याच्या प्रत्येक बोटीला ठरावीक विटा फुकट वाहून न्याव्या लागत. म्हणजे शिपायाच्या खासगी जागेवर राज्य पुन्हा आपला हक्क सांगत होते. पण त्या विटांवर वर्ष, भट्टीवाल्याचे नाव आणि वीट पाडणाऱ्या कारागिराचे नाव ठसवलेले असे. वीट खराब निघाली तर कोणाला धरायचे हे कळावे, एवढाच सरकारचा हेतू होता. आज त्याच ठशांमुळे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध राजवाड्यांपैकी एकाच्या भिंतींत लिनछिंगच्या साध्या माणसांची नावे टिकून आहेत.

याच गावात १५९९ साली मोठा उठाव झाला. बादशहाने कर गोळा करायला पाठवलेला खोजा मा थांग आणि त्याची माणसे पेठेत लोकांना नागवत होती. जमावाने त्याची कचेरी जाळली, त्याची तीसेक माणसे मारली गेली. चौकशी सुरू झाली तेव्हा वांग छाओत्स्वो नावाचा हातावर पोट असलेला एक माणूस पुढे आला, सगळा दोष आपल्या अंगावर घेतला आणि इतरांना वाचवून स्वतः मरणाला सामोरा गेला. गावाने त्याचे देऊळ बांधले. वारशाच्या माहितीफलकांवर व्यापाराच्या भरभराटीचे वर्णन असते, तेव्हा मला हा माणूस आठवतो. भरभराट आणि लूट एकाच पाण्यातून आली, एकाच नाक्यावर भेटली. त्यातली एकच बाजू सांगितली तर लिनछिंग कळत नाही.

लिनछिंग आणि जिनिंग या दोन्ही गावांत जुन्या मशिदी आहेत आणि त्यांचे छप्पर, खांब, आवार पाहिले तर त्या चिनी मंदिरांसारख्याच वाटतात. कालव्यावरच्या व्यापारात हुई मुसलमानांचा मोठा वाटा होता. सतराव्या शतकात जिनिंगला शिकवणारे विद्वान चांग चिमेई यांनी फारसी भाषेच्या व्याकरणावर ग्रंथ लिहिला. मराठी दफ्तरांत फारसी शब्दांची रेलचेल होती त्याच शतकात शानतोंगच्या एका बंदरगावात चिनी विद्यार्थी फारसीची रूपे घोकत होते, हे कळल्यावर तो कालवा मला एकदम जवळचा वाटला. यांगचौमध्ये कालव्याच्या पूर्व काठावर पुहातिंग यांची कबर आहे. तेराव्या शतकात पश्चिमेकडून आलेले हे धर्मोपदेशक प्रेषितांच्या वंशातले होते, असे परंपरा सांगते. जपानला बौद्ध विनय नेणारे भिक्षू चिएनचेन हेही यांगचौचेच. पाच वेळा अपयश आल्यानंतर सहाव्या प्रयत्नात, दृष्टी गेलेली असताना, ते ७५३ च्या अखेरीस जपानला पोचले.

यांगचौबद्दल थोडे अधिक सांगावे लागेल, कारण माझा मुद्दा तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो. १६४५ मध्ये मांचू सैन्याने या शहरात भयानक कत्तल केली. त्यानंतर शंभर वर्षांच्या आत ते चीनमधल्या सर्वांत श्रीमंत शहरांपैकी एक झाले, आणि तेही मिठावर. मिठाचा मक्ता सरकारी, पण तो चालवणारे व्यापारी ह्वेईचौ आणि शानशी या दूरच्या भागांतले, म्हणजे परगावचे. त्यांनी बागा बांधल्या, नाटकमंडळ्या पोसल्या, ग्रंथसंग्रह केले. मा युएक्वान आणि मा युएलू या व्यापारी भावांच्या ग्रंथालयात दूरदूरचे विद्वान मुक्काम करत. छिएनलुंग बादशहाने देशभरातले ग्रंथ गोळा करून महाकोश करायला घेतला, तेव्हा या घराण्याने सातशेहून अधिक ग्रंथ पाठवले. यांगचौचे आठ विक्षिप्त म्हणून ओळखले जाणारे चित्रकारही बहुतेक बाहेरून आलेले. चिन नोंग हांगचौचे, हुआंग शेन फूचिएनचे, चंग पानछियाओ जवळच्या शिंगह्वाचे. चंग यांनी तर आपल्या चित्रांचे दरपत्रकच दारावर लावले : एवढ्या मोठ्या चित्राला एवढी चांदी, भेटवस्तूंपेक्षा रोख बरी. दरबारी कृपेशिवाय चित्रकाराला जगता यावे असे हे शहर होते, म्हणून त्यांना इतक्या मोकळ्या हाताने बांबू आणि भुते रंगवता आली. १७९० मध्ये छिएनलुंगच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी यांगचौमध्ये असलेली सानछिंग नाटकमंडळी बीजिंगला गेली. तिच्यामागून आणखी मंडळ्या गेल्या, आणि त्यांच्या मिसळण्यातून पुढे ज्याला आपण बीजिंग ऑपेरा म्हणतो तो घडला. चीनचे राष्ट्रीय नाट्य म्हणून आज जे मिरवले जाते त्याचे मूळ असे फिरत्या, भाड्याने येणाऱ्या, परप्रांतीय मंडळ्यांत आहे.

आता असा प्रश्न कोणी विचारेल की या सर्वांच्या मुळाशी राज्यच नव्हते का? होते. ताफा राज्याचा, मक्ता राज्याचा, बांध राज्याचे. राज्याने पाठ फिरवली तेव्हा काय झाले हेही आपल्यासमोर आहे. १८५३ मध्ये थायपिंग बंडखोरांनी नानचिंग आणि चेनच्यांग घेतले, कालव्याची मान आवळली गेली. १८५५ मध्ये पीत नदीने पात्र बदलून उत्तरेची वाट धरली आणि शानतोंगमधला कालवा मधोमध तोडला. धान्य समुद्रमार्गाने, मग आगबोटींनी जाऊ लागले. १९०१ मध्ये धान्यरूपी सारा बंद झाला, १९१२ मध्ये थिएनचिन ते फुखौ हा लोहमार्ग पूर्ण झाला. केनेथ पोमेरान्झ या इतिहासकाराने दाखवून दिले आहे की राज्याने आपले लक्ष आणि पैसा किनाऱ्याकडे वळवताच या आतल्या भागाची शेती, पूरनियंत्रण, वृक्षराजी सगळेच ढासळत गेले. लिनछिंग भकास झाले. लियाओछंगमध्ये शानशी-शान्शी व्यापाऱ्यांनी १७४३ साली सुरू केलेले देखणे संघगृह मागे राहिले, व्यापारी गेले. यांगचौला रेल्वे पोचली थेट २००४ साली. म्हणून राज्य नको असे मी म्हणत नाही. पाणी आणणे हे राज्याचेच काम आहे.

पण पाण्याची किंमत कोणी मोजली, याचा हिशेबही वारशात धरायला हवा. शानतोंगमधले झरे कालव्यासाठी राखून ठेवले होते. पिके वाळत असली तरी शेतकऱ्याने त्यातले पाणी वळवले तर तो गुन्हा होता. त्याहून मोठी किंमत ह्वाई नदीच्या खोऱ्याने मोजली. बाराव्या शतकापासून पीत नदी ह्वाई नदीच्या पात्रात घुसली होती, आणि ह्वाईआनजवळ पीत नदी, ह्वाई नदी आणि कालवा यांची गाठ पडत असे. सोळाव्या शतकातले जलतज्ज्ञ फान चिशुन यांनी उपाय शोधला की पाणी अरुंद पात्रात कोंडायचे, त्याचा वेग वाढवायचा, म्हणजे गाळ आपोआप वाहून जाईल. त्यासाठी ह्वाईचे स्वच्छ पाणी हुंगत्से तलावात साठवून उंच करायचे आणि संगमावर सोडायचे. कल्पना अफाट बुद्धिमान होती आणि कालवा तीनशे वर्षे तगला त्यात तिचा मोठा हात आहे. पण तलाव वर्षानुवर्षे चढत गेला. १६८० मध्ये त्याच्या काठचे सचौ हे शहर कायमचे पाण्याखाली गेले. मिंग घराण्याच्या पूर्वजांची समाधीही बुडाली. तिचे दगडी पुतळे १९६० च्या दशकातल्या दुष्काळात पाणी ओसरल्यावर वर आले. एक शहर तगवण्यासाठी दुसरे शहर बुडू दिले गेले, आणि तो निर्णय त्या काळच्या राज्याने डोळसपणे, वर्षामागून वर्षे घेतला. यांगचौच्या बागेत फिरणाऱ्याला सचौचे नाव सांगितले पाहिजे, असा माझा आग्रह आहे. त्यामुळे बागेचे सौंदर्य कमी होत नाही. ते कशावर उभे आहे एवढे कळते.

राज्याने मोकळी सोडलेली जागा नेहमी मोकळीच राहिली असेही नाही. ताफ्यावरचे खलाशी बहुतांशी बिनघराचे. हिवाळ्यात रिकाम्या बोटी हांगचौला परतत तेव्हा त्यांना जायला ठिकाण नसे. लो छिंग नावाच्या मिंग काळातल्या एका साध्या शिपायाने सांगितलेला पंथ या माणसांत पसरला होता, आणि त्या पंथाची छोटी देवळे हांगचौ आणि सूचौला कालव्यालगत उभी राहिली. तिथे खलाशांना निवारा मिळे, म्हाताऱ्या झालेल्यांची सोय होई, मेलेल्यांना जवळच मूठमाती मिळे. १७६८ मध्ये छिएनलुंगने ही देवळे पाडण्याचा हुकूम काढला. पंथ बोटींवर गेला, गुप्त झाला, आणि पुढच्या शतकात ताफाच संपला तेव्हा बेकार खलाशांच्या याच संघटनांमधून हिरवी टोळी उभी राहिली, जिने विसाव्या शतकात शांघायमध्ये अफूचा आणि खंडणीचा कारभार चालवला. टोळीचे समर्थन मला करायचे नाही. पण म्हाताऱ्या खलाशाला अंथरूण देणारे देऊळ पाडल्यावर त्याच माणसांची एकजूट कुठे जाते, हे त्यातून दिसते. कालव्याच्या जागतिक वारशात जी ५८ स्थळे आहेत त्यांत पूल आहेत, कोठारे आहेत, बागा, जकातनाके, मंदिरे आहेत. खलाशांच्या या घरांचा मागमूसही राहिलेला नाही.

आजच्या जपणुकीची सुरुवात मला आदराने आठवते. २००५ च्या डिसेंबरमध्ये नगररचनाकार चंग श्याओशिए, प्राचीन वास्तूंचे अभ्यासक लुओ चवन आणि ताम्रशिल्पकार चू पिंगरन या तिघांनी कालव्यावरच्या १८ शहरांच्या महापौरांना खुले पत्र लिहिले. जुनी बंदरे, वाडे, गल्ल्या झपाट्याने पाडल्या जात होत्या आणि नद्यांचे गटार झाले होते, अशा वेळी या वयोवृद्ध माणसांनी ही हाक दिली. यांगचौने पुढाकार घेतला आणि २२ जून २०१४ रोजी दोहाच्या बैठकीत युनेस्कोने महाकालव्याला जागतिक वारसा घोषित केले : २७ कालवाखंड, एकूण १,०११ किलोमीटर. लुओ चवन तो दिवस पाहू शकले नाहीत, २०१२ मध्येच ते गेले. या पत्राशिवाय अनेक गल्ल्या आज राहिल्या नसत्या.

त्यानंतर मात्र पैशाचा पूर आला. २०१९ पासून संपूर्ण कालव्याचे राष्ट्रीय सांस्कृतिक उद्यान करण्याचा आराखडा राबवला जातो आहे. २०२१ मध्ये यांगचौच्या सानवान भागात महाकालव्याचे भव्य संग्रहालय उघडले. शानतोंगमधले थायअरच्वांग हे गाव १९३८ च्या जपानविरोधी लढाईत जवळजवळ जमीनदोस्त झाले होते. २००८ पासून त्याचे जुने गाव नव्याने बांधण्यात आले, कमानी, कंदील, पूल, सगळे काही जसेच्या तसे. युद्धात मेलेल्यांची आठवण तिथे जपली आहे, तिच्याबद्दल मला आदर आहे. पण नव्याने बांधलेल्या त्या गावात संध्याकाळी कंदील पेटतात ते प्रेक्षकांसाठी. तोंगचौच्या खलाशांची श्रमगीते बीजिंगच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहेत. बोट ओढताना, नांगर उचलताना या तालाची गरज पडे, पण बोट ओढणारी ती दोरी आता कोणाच्या खांद्यावर नाही. ही गाणी टिकावीत असेच मला वाटते. तरीही गाण्याचे जतन करणारी व्यवस्था आजच्या खलाशाकडे कशी पाहते, हा प्रश्न राहतोच.

कारण आजचा खलाशी आहे. जिनिंगपासून दक्षिणेकडे हा कालवा अजूनही राबतो. च्यांगसू प्रांतात कोळसा, वाळू, सिमेंट, धान्य यांनी भरलेले पडाव एकामागून एक जातात, आणि त्यांवर कुटुंबे राहतात. कपडे वाळत घातलेले, कुंड्यांत भाजी लावलेली, डेकवर बांधलेला कुत्रा. जुन्या कालव्याचा खरा वारस हा पडाव आहे असे मी मानतो. त्याच कालव्यातून यांगत्सेचे पाणी तेरा टप्प्यांच्या पंपांनी वर चढवून उत्तरेला नेण्याची योजनाही २०१३ पासून चालू आहे. जी चढण सोंग ली आणि पाय यिंग यांनी बुद्धीने सोडवली ती आता विजेने सोडवली जाते. २०२२ च्या एप्रिलमध्ये सुमारे शंभर वर्षांनी बीजिंगपासून हांगचौपर्यंत संपूर्ण कालव्यात एकसंध पाणी वाहिले, आणि त्या बातमीने मला खराखुरा आनंद झाला.

पण शहरांना पडाव नकोसे होत चालले आहेत. हांगचौमधला कुंगछन पूल हा मिंग काळाच्या अखेरीस पहिल्यांदा बांधलेला, तीन कमानींचा, कालव्याच्या दक्षिण टोकाचा मानबिंदू. मालवाहू पडाव त्याच्या खांबांना धडकत, ही खरीच चिंता होती. २०२३ मध्ये शहराबाहेरून नवा जलमार्ग सुरू झाला आणि जड मालवाहतूक तिकडे वळवण्यात आली. पूल सुरक्षित झाला, यात वाद नाही. मात्र त्याबरोबर शहराच्या मधून जाणारे ते काम, तो आवाज, ती माणसेही गेली, आणि पुलाखाली आता मुख्यतः पर्यटकांच्या बोटी फिरतात. पूल वाचवण्यासाठी पडाव बाहेर घालवायचे असतील तर निदान बाहेरच्या त्या जलमार्गाचे काठ, तिथला धक्का, तिथे थांबणाऱ्या कुटुंबांच्या मुलांच्या शाळा, पाण्याचे नळ, दवाखाने यांवर उद्यानाच्या पैशाचा काही वाटा खर्च व्हायला हवा. मिंग सरकारला शिपाई पळून जातील या भीतीने साठ शींची जागा द्यावी लागली होती. आजच्या सरकारने ती समजून-उमजून द्यावी.

काठावरच्या गल्ल्यांनाही हेच लागू आहे. सूचौच्या फिंगच्यांग गल्लीच्या आतल्या बोळांत अजून जुनी माणसे राहतात, सकाळी पाण्याकडच्या पायऱ्यांवर भाजी निवडतात. यांगचौने जुन्या शहरात रहिवाशांना न हलवता घरे दुरुस्त करण्याचे काम केले आणि २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अधिवास संस्थेने त्याचा सन्मान केला. हे अवघड काम आहे. गटार, वीज, शौचालय या गोष्टी अरुंद बोळात बसवाव्या लागतात, भाडेकरू आणि मालक यांच्यात वाटाघाटी कराव्या लागतात, आणि सगळे झाल्यावर उद्घाटनाला दाखवण्यासारखे फारसे काही नसते. पण लिनछिंगची पेठ, यांगचौचे चित्रकार, जिनिंगची फारसी शाळा, खलाशांची देवळे हे सगळे जिथे माणसांना स्वतःच्या सोयीने राहता, विकता, शिकवता आले तिथेच झाले. आराखड्यात दर शंभर मीटरवर काय असावे हे आधीच ठरलेले असेल, तर तिथे उद्या नवीन काही उगवणार नाही. लिनछिंगला सध्या पर्यटक फारसे जात नाहीत. मला त्यात एक संधी दिसते. जकातनाक्याच्या शेजारी हॉटेलांची रांग उभी राहण्याआधी गावातल्या लोकांना घरदुरुस्तीचे स्वस्त कर्ज आणि दुकानाचे पक्के भाडेपत्र मिळावे, वांग छाओत्स्वोची कथा शाळेत सांगितली जावी, आणि विटांवरची नावे वाचायला शिकवणारा कोणी तिथे असावा. हे काम मोठ्या संग्रहालयांइतके खर्चिक नाही, आणि त्यासाठी पाय यिंग यांच्यासारखी माणसे त्या गावांत आजही असतील. अधिकाऱ्यांनी त्यांना शोधून विचारायला हवे.